जर्मनीचा पैसा आणि आमच्या गावचं पाणी

पोस्ट मोठी आहे, निवांत वेळ असेल तेव्हा वाचा. दुष्काळी पट्ट्यातल्या मंडळींनी मात्र वाचाच.

परदेशी मदतीबद्दल सध्या दोनच मतं ऐकू येतात. एक, ती भीक आहे. दोन, तो कट आहे. अमेरिकेची यूएसएड ही १९६१ पासून चालत आलेली संस्था १ जुलै २०२५ ला बंद झाली, तेव्हा माझ्या ओळखीच्या तीन-चार ग्रुपांवर लोकांनी जवळजवळ पेढेच वाटले. त्याच्या आधी, २०२४ मध्येच, श्रीमंत देशांची एकूण विकास मदत आदल्या वर्षापेक्षा ७.१ टक्क्यांनी घटली होती. म्हणजे हा एका देशाचा किंवा एका अध्यक्षाचा प्रश्न नाही. हात आखडता घ्यायचं वारं सगळीकडेच आहे.

मी या विषयातला तज्ज्ञ नाही. पण अशाच एका परदेशी मदतीच्या कामात मी ऐन विशीत साडेतीन वर्षं हातात टेप आणि हजेरीची वही घेऊन डोंगर तुडवलाय. मी आमच्या गावचा पाणलोट सेवक होतो. त्यामुळे ‘भीक’ आणि ‘कट’ या दोन्ही शब्दांबद्दल मला थोडं बोलायचंय.

आमचं गाव संगमनेर तालुक्याच्या पठार भागात. पाऊस वर्षाला ४००-५०० मिलिमीटर, तोही लहरी. आला तर दोन तासांत डोंगर धुऊन नेणार, नाहीतर महिनाभर तोंड दाखवणार नाही.

१९७२ चा दुष्काळ मी पाहिला नाही, पण आमच्या घरात तो अजून बोलला जातो. आई मिलोच्या भाकरीबद्दल सांगते. अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी. भाकरी थापायला घेतली की कडेने फाटायची, चव नको म्हणायची, पण पोट भरायचं. शाळेत आणि कामावर सुकडी मिळायची. आजोबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. त्या मदतीवर माणसं जगली. तिला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं.

पण त्या मदतीची मर्यादाही तेव्हाच दिसली. धान्य खाल्लं, संपलं. फोडलेली खडी रस्त्याच्या कडेला ढीग लावून पडली. पुढचा दुष्काळ आला तेव्हा गाव पुन्हा तिथंच उभं. त्याच दुष्काळातून महाराष्ट्राने स्वतःची रोजगार हमी योजना उभी केली. वि. स. पागे यांची ती कल्पना, पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. आणि त्याच काळात पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचं काम सुरू केलं. पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या मापाने वाटायचं, भूमिहीनालाही वाटा द्यायचा, ऊस लावायचा नाही. हे कुठल्याही परदेशी सल्लागाराने शिकवलेलं नव्हतं.

आता जर्मनीचा पैसा आमच्या डोंगरावर कसा आला ते सांगतो.

फादर हर्मन बाकर नावाचे एक स्विस जेझुइट धर्मगुरू १९४८ मध्ये भारतात आले आणि त्यांनी आयुष्याची कैक दशकं नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये, शेती आणि पाण्याच्या कामात घालवली. एकेक विहीर, एकेक पंप देऊन काही होत नाही, अख्खा पाणलोट घ्यावा लागतो आणि अख्खं गाव सोबत लागतं, हे त्यांना कामातून कळत गेलं. त्यातून १९९० च्या आसपास इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. जर्मन सरकारचा निधी केएफडब्ल्यू या त्यांच्या विकास बँकेमार्फत, प्रशिक्षणाचं साहाय्य जीटीझेडमार्फत, आणि आपल्या बाजूने नाबार्ड. १९९३ मध्ये फादर बाकर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, म्हणजे ‘वॉटर’ ही संस्था काढली. फादर २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारले.

या कार्यक्रमाची एक गंमत होती. पैसा अनुदानाचा होता, परत करायचा नव्हता. तरी तो फुकट मिळत नव्हता.

गावाला आधी परीक्षा द्यावी लागायची. घराघरातून माणूस येऊन चार दिवस श्रमदान करून दाखवा, मग पुढचं बोलू. अकुशल मजुरीचा साधारण सहावा हिस्सा गावाने श्रमदानातून उचलायचा, भूमिहीन आणि एकट्या बाईवर चालणारी घरं त्यातून वगळायची. पहिलं वर्ष-दीड वर्ष लहानशा तुकड्यावर काम करून शिकायचं. ते जमलं तर पूर्ण पाणलोट मिळणार. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ग्रामसभेत ठरवायची. या अटी राळेगणसिद्धीच्या परिसरातल्या माणसाला नव्या वाटणार नाहीत. अक्कल इथलीच होती. जर्मनीने पैसा देताना ती अक्कल अट म्हणून स्वीकारली, हा तिचा शहाणपणा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पैसा गाव पाणलोट समिती आणि संस्था यांच्या जोडखात्यात यायचा. तोवर आमच्या गावाने सरकारी कामाचा फलक पाहिला होता, हिशोब कधी पाहिला नव्हता. आमच्या समितीची पहिली बैठक मारुतीच्या देवळात झाली, तेव्हा चेकवर सही करायची म्हणून अध्यक्ष आदल्या रात्री पाटीवर सही गिरवत बसले होते. हसू नका. त्या सहीमागे जबाबदारी होती म्हणून हात थरथरत होता.

काम माथ्यापासून पायथ्याकडे. आधी डोंगरावर सलग समतल चर, मग उतारावर अनघड दगडी बांध, शेतात बांधबंदिस्ती, आणि सगळ्यात शेवटी ओढ्यावर नालाबांध. लोकांना मात्र आधी बंधारा हवा असतो, कारण बंधाऱ्यात पाणी दिसतं. चरात काही दिसत नाही. समपातळी काढायला दोन काठ्या आणि त्यांना जोडलेली पाण्याची पारदर्शक नळी, हायड्रोमार्कर म्हणायचो आम्ही त्याला. शाळा सोडलेली पोरं आठवड्यात त्यात तरबेज झाली.

सगळ्यात अवघड होती चराईबंदी. आमच्या एका वाडीत सगळी मेंढपाळ घरं. ग्रामसभेत त्यांच्यातले एक नाना उठले आणि म्हणाले, “तुमची जमीन सुधारायची म्हून आमची मेंढरं काय आभाळात चारू का?” कोणाकडे उत्तर नव्हतं. खरंच तर होतं. पाणी अडलं की विहिरीला पाणी येणार. विहीर कोणाची? जमीनवाल्याची. चराई बंद झाली की उपाशी कोण? बिनजमिनीचा.

तीन बैठका नुसत्या त्यावर गेल्या. शेवटी असं ठरलं की डोंगर एकदम बंद करायचा नाही, तुकड्या-तुकड्याने करायचा. बंद भागातलं गवत कापून न्यायला मेंढपाळ घरांना पहिला हक्क, आणि कामाच्या मजुरीतही त्यांचा नंबर आधी. सगळे खूश नव्हते. नानांनी पुढचे सहा महिने माझ्याशी बोलणं सोडलं होतं. पण डोंगर बंद राहिला, आणि राखण कोणी जर्मन माणसाने केली नाही, आमच्याच माणसांनी केली.

मग पाहुणे आले, कामाची पाहणी करायला. दोन जर्मन, एक नाबार्डचे साहेब, आणि भाषांतराला एक मॅडम. गावाने लेझीम काढलं, फेटे बांधले. त्यातल्या एका जर्मन बाईंनी फेटा काढून हातात घेतला आणि सरळ डोंगर चढायला लागल्या. पिशवीतून स्वतःचा टेप काढून चराची खोली मोजली. मग सावलीला बसून त्यांनी एकच प्रश्न विचारला. आमचे पैसे संपल्यावर हे बांध फुटले तर दुरुस्त कोण करणार?

अध्यक्षांनी देखभाल निधीचं सांगितलं, तो आम्ही बाजूला काढत होतोच. तेवढ्यात बायकांमधून एक आक्का बोलल्या, “बांध फुटला तर दिसतंय, बाई. मान्सं फुटली तर काय करायचं, ते इचार.” भाषांतराच्या मॅडम थोड्या अडखळल्या, मग त्यांनी ते सांगितलं. जर्मन बाईंनी वहीत लिहून घेतलं. तो प्रकल्प अहवालात आला की नाही, मला माहीत नाही. पण पुढे जे झालं ते त्या एका वाक्यात होतं.

आधी चांगलं सांगतो. काम पूर्ण झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात फरक दिसला. आमची विहीर ४० फुटांची, ती पूर्वी संक्रांतीला तळ दाखवायची. आता होळी ओलांडायला लागली. आई पाण्यासाठी दीड मैल जायची ते थांबलं. रब्बीचा कांदा आला, घरटी एक-दोन दुभती जनावरं आली, दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी बरीच घरं गावातच राहिली. आमच्याच तालुक्यातल्या दरेवाडीचं काम तर लोक दुरून पाहायला येऊ लागले.

तेव्हा आम्हाला शिकवलेला एक हिशोब मला अजून तोंडपाठ आहे. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १० हजार लिटर पाणी होतं. म्हणजे एक टँकर. ४५० मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी ४५० टँकर. हजार हेक्टरच्या गावावर साडेचार लाख टँकर पाणी आभाळातून पडतं आणि तरी उन्हाळ्यात आपण तहसीलला टँकरचा अर्ज घेऊन उभे असतो! अर्थात त्यातलं बरंच उडून जातं, काही वाहून जातं, मुरतं ते थोडंच. पण जे मुरतं ते सगळ्यांचं मिळून असतं.

आणि इथंच माणसं फुटली.

प्रकल्प संपला, संस्था पुढच्या गावाला गेली. ते योग्यच होतं, ती काय जन्मभर बसणार नव्हती. पहिली काही वर्षं समिती बसली. मग कांद्याच्या पैशातून एकाने बोअर घेतलं. त्याच्या डाळिंबाचे चांगले पैसे झाले. मग शेजाऱ्याने घेतलं, त्याच्यापेक्षा खोल. २०० फूट, ३००, ५००. रात्री गाडी यायची, सकाळी पांढरी माती उडालेली दिसायची. आमच्या वडिलांना एका बोअरवाल्या एजंटने “६०० फुटांवर हमखास” म्हणून सांगितलं, आगाऊ पैसे घेतले आणि कोरडं भोक हातात दिलं. खालून उपसा वाढला तशा वरच्या विहिरी आटल्या. ज्यांनी डोंगरावर चर खणले, त्यांच्या विहिरीत पाणी नाही आणि ज्याच्याकडे बोअरला पैसे, त्याच्या शेततळ्यात पाणी. २०१२-१३ च्या दुष्काळात गावात टँकर पुन्हा सुरू झाला. २०१८ ला पुन्हा. चर डोंगरावर तसेच होते. बांध धड होते. एकही मोठा बांध फुटलेला नव्हता.

कायदा नाही का? आहे की. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ चा, २०१४ पासून लागू. शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल जायचं नाही असं तो सांगतो. बोअरच्या गाडीवाल्याला विचारून बघा, त्याने हा कायदा ऐकलाय का.

तर मदत वाया गेली का? माझं उत्तर, नाही. ती दहा-बारा वर्षं आम्ही खाल्ली, त्यात माझ्या दोन बहिणी शिकल्या. भीक होती का? भिकेत कोणी चार दिवस श्रमदानाची परीक्षा घेत नाही. कट होता का? असेल तर पाणी मुरवण्याचा कट होता, असे कट आणखी व्हावेत. पण बाहेरचा पैसा काय करू शकतो आणि काय नाही, हे मला त्यातून स्पष्ट दिसलं. चर खणायची मजुरी जर्मनी देऊ शकते. शेजाऱ्याने किती उपसायचं, हे जर्मनी ठरवू शकत नाही. ते दिल्लीलाही येत नाही, मुंबईलाही नाही. ते ग्रामसभेलाच ठरवावं लागतं, आणि दरवर्षी नव्याने ठरवावं लागतं. हिवरे बाजारने तेच केलं. पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावर पिकं ठरवायची, बोअर शेतीला नाही म्हणजे नाही. आमच्याकडे निधी आला होता, चर झाले होते, पण तो नियम टिकला नाही.

आता जरा गावाबाहेर येऊ. जगात जे चाललंय ते मला आमच्या गावासारखंच दिसतं. श्रीमंत देश म्हणजे ७०० फुटांवर बोअर घेतलेले बागायतदार. शंभर-दीडशे वर्षं त्यांनी कोळसा आणि तेल मनसोक्त जाळलं, आणि आता वर हवेत जागा उरली नाही तेव्हा सगळ्यांना म्हणतात, जपून वापरा. १९७० मध्ये संयुक्त राष्ट्रांत ठरलं होतं की श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम विकास मदतीला द्यावी. पन्नास वर्षांहून जास्त झाली, ते पाळणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. २०१५ मध्ये १७ शाश्वत विकास ध्येयं ठरली, २०३० पर्यंतची. त्यातलं सतरावं ध्येय भागीदारीचंच आहे. त्याच वर्षी पॅरिस करार झाला. त्यात कोणी किती करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, न केल्यास दंड नाही. २०२४ मध्ये बाकूच्या परिषदेत विकसनशील देशांनी वर्षाला १.३ लाख कोटी डॉलरची गरज मांडली, ठरले ३०० अब्ज, तेही २०३५ पर्यंत. भारताने तिथल्या तिथे हरकत घेतली, आणि ती बरोबरच होती. चराईबंदीच्या बैठकीत नाना जे विचारत होते, तेच भारत तिथं विचारत होता. पाणी तुम्ही प्यायलात, उपाशी आम्ही राहायचं?

पण नानांची बाजू मांडताना आपण आता फक्त नाना राहिलेलो नाही, हेही लक्षात घेऊ. २००३ मध्येच भारताने बहुतेक छोट्या देशांची थेट मदत घेणं थांबवलं. १९६४ पासून आयटेक योजनेत आपण इतर देशांच्या माणसांना प्रशिक्षण देतोय. २०१५ मध्ये फ्रान्ससोबत आंतरराष्ट्रीय सौर आघाडी काढली, तिचं मुख्यालय गुरुग्रामला आहे. आणि घेतो ते आता बहुतेक कर्ज. मुंबईची मेट्रो ३ जपानच्या जायकाच्या कर्जावर. पुणे मेट्रोत युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेचा पैसा. साक्रीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प त्याच केएफडब्ल्यूच्या कर्जावर. विदर्भ-मराठवाड्यातली पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी, तिला जागतिक बँकेचं ४२ कोटी डॉलरचं कर्ज. “परदेशी पैसा नको” असं स्टेटस टाकणारा माणूस त्याच मेट्रोने ऑफिसला जातो, त्याला दोष नाही. पण कर्ज असेल तर ते आपणच फेडणार. मग ते कशावर खर्च झालं, हे विचारायचा हक्क तर दुप्पट झाला ना?

हे सगळं आज लिहिण्याचं कारण असं. अटल भूजल योजनेत, जिचा निम्मा पैसा जागतिक बँकेच्या कर्जाचा आहे, गावांनी पाण्याचा ताळेबंद मांडायचा असतो. आमच्या शेजारच्या गावात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तो रंगवलाय. पडलेलं पाणी, मुरलेलं पाणी, पिकांना लागणारं पाणी, आणि खाली लाल अक्षरात तूट. सुरेख अक्षर आहे. तूट बघून एकाही माणसाने एकही पीक बदललेलं नाही.

आमच्या गावात तसं नको म्हणून आम्ही काही जणांनी येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी ठराव दिलाय. मागण्या तीनच. नवीन बोअर २०० फुटांच्या खाली नाही, आणि गाडी गावात शिरायच्या आधी ग्रामपंचायतीला कळवायचं. ऑक्टोबरमध्ये ताळेबंद वाचून मगच रब्बीची पिकं ठरवायची. आणि जुन्या पाणलोट समितीला पुन्हा उभं करून तिच्यात मेंढपाळ वाडीची आणि भूमिहीन घरांची माणसं घ्यायची, निम्म्या बायका. विरोध होणार आहे. ज्यांची डाळिंबं आहेत ती आमचीच भावकी आहे, त्यांच्यावर बँकेचं कर्ज आहे, त्यांचाही जीव त्यात अडकलाय. त्यांना वाऱ्यावर सोडून ठराव टिकणार नाही, म्हणून जुन्या बागांना हात न लावता नव्या लागवडीवर मर्यादा, असं आम्ही सुचवलंय. ते नाना आता पंच्याऐंशीचे आहेत. ठरावावर सूचक म्हणून त्यांचा अंगठा आहे.

तुमच्या गावात इंडो-जर्मनचं काम झालं असेल, तर दोनच गोष्टी लिहा. समिती अजून बसते का? आणि बोअर किती फुटांवर गेलंय? कोणाच्या गावाने उपशाचा नियम करून तो पाच वर्षं तरी पाळला असेल, तर ठरावाची प्रत पाठवा. आम्हाला १५ तारखेच्या आधी लागेल.